वृद्ध कंठाचे आतिथ्य : लिओनार्ड कोहेन यांच्या उत्तरकालीन मैफलींचा विचार

प्रास्ताविक :

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची दखल मराठी समीक्षेने तुरळकच घेतली आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी कलासंगीत, लोकसंगीत आणि भक्तिसंगीत यांच्या बरोबरीने 'जनसंगीत' ही स्वतंत्र कोटी मानली व तिला तिचे म्हणून निकष असतात, हे आग्रहाने मांडले. तरीही व्यवहारात जनसंगीत म्हणजे तरुणांची करमणूक, हा समज टिकून राहिला. हा समज अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या पॉप व रॉक संगीताने स्वतःची ओळख तारुण्याशी जोडून घेतली होती. त्या संगीतातील बंड, प्रणय आणि वेग या सर्वांना वयाची एक अट होती. मात्र त्या पिढीतील जे गायक जगले-वाचले, ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी सत्तरीकडे झुकले आणि तरीही रंगमंचावर उभे राहू लागले. त्यामुळे समीक्षेपुढे एक नवा प्रश्न आला. वृद्ध पॉप गायकाची मैफल प्रत्यक्ष पाहताना प्रेक्षक नेमके काय पाहतो? समोरचे गाणे, की स्वतःची गेलेली वर्षे? आणि टाळ्या कशासाठी पडतात, गाण्याच्या गुणवत्तेसाठी की गायक अजून उभा आहे म्हणून?

या प्रश्नाचा विचार कॅनडाचा कवी-गायक लिओनार्ड कोहेन (१९३४-२०१६) याच्या २००८ ते २०१३ या काळातील मैफलींच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ही निवड सहेतुक आहे. कोहेन हा पॉप संगीतात तरुणपणी आलेला गायक नव्हता. त्याचा पहिला कवितासंग्रह १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन कादंबऱ्या आल्या आणि १९६७ च्या अखेरीस पहिली ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा त्याने तेहतिशी गाठली होती. त्या काळच्या मापाने तो उशिरा आलेला पाहुणाच होता. शिवाय त्याचा आवाज रूढ अर्थाने गोड कधीच नव्हता. १९९३ साली कॅनडाचा ज्यूनो पुरस्कार सर्वोत्तम पुरुष गायक म्हणून त्याला मिळाला, तेव्हा असल्या आवाजाला असा पुरस्कार केवळ कॅनडातच मिळू शकतो, अशी थट्टा त्याने स्वतःच केली. ज्याच्याकडे गमावण्याजोगा सुरेल कंठ नव्हता, त्याच्या बाबतीत 'आवाज गेला' ही वृद्ध गायकांविषयीची नेहमीची तक्रार लागू पडत नाही. ती बाजूला सारल्यावर जे उरते, त्याचा विचार अधिक मोकळेपणाने करता येतो.

पुनरागमनाची पार्श्वभूमी :

१९९३ च्या दौऱ्यानंतर कोहेन रंगमंचावरून दूर झाला. १९९४ ते १९९९ या काळात तो कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील झेन मठात राहिला व १९९६ साली त्याने भिक्षूची दीक्षा घेतली. १९९९ मध्ये मठातून बाहेर पडल्यावर तो मुंबईस आला. येथे या विषयाचा महाराष्ट्राशी एक खरा धागा जुळतो. बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर (१९१७-२००९) हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य होते. खेतवाडीतील माडीवर महाराज मराठीत जे बोलत, त्याचा इंग्रजी अनुवाद बाळसेकर जिज्ञासूंसाठी करीत असत. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरी रोज सकाळी प्रश्नोत्तरांची बैठक भरू लागली. केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात राहून कोहेन या बैठकीस काही महिने नियमाने जात असे. पुढील काही वर्षांतही तो पुन्हापुन्हा आला. जगभर गाजलेला हा गायक मुंबईत गायला नाही. तो ऐकावयास आला होता, आणि ज्याला तो ऐकत होता तो ऐंशी ओलांडलेला गृहस्थ होता.

बाळसेकरांच्या प्रतिपादनाचा गाभा कर्तेपणाचा निरास हा होता. घटना घडतात, कर्मे होतात, परंतु 'मी करतो' असे म्हणणारा स्वतंत्र कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. मराठी वाचकाला तो नवा वाटण्याचे कारण नाही. नवनाथ परंपरेपासून संतवाङ्मयापर्यंत तो अनेक रूपांनी आलेला आहे. कोहेनला अनेक दशके ग्रासणारी विषण्णता याच सुमारास ओसरली, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. मात्र तिचे श्रेय कोणा एका गुरूला वा ग्रंथाला देण्याची घाई त्याने केली नाही. वय वाढते तसतशा मेंदूतील चिंतेशी निगडित पेशी मरत जातात असे वाचल्याचे तो मिस्कीलपणे सांगे. कलावंताच्या चरित्रातून त्याच्या कलेचे कारण काढण्याचा मोह अशा ठिकाणी आवरावा, हे बरे. कर्तेपणाविषयीचा हा विचार पुढे मैफलीच्या रचनेच्या संदर्भात पुन्हा आठवेल, एवढीच नोंद येथे पुरेशी आहे.

रंगमंचावर परतण्याचे तात्कालिक कारण मात्र अगदी लौकिक होते. त्याच्या निवृत्तीसाठी साठविलेली बहुतेक पुंजी त्याच्या व्यवस्थापनातील व्यक्तीने परस्पर काढून घेतल्याचे २००४ च्या सुमारास उघडकीस आले. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००६ मध्ये त्याच्या बाजूने सुमारे नव्वद लाख डॉलरचा निवाडा दिला. परंतु निवाडा मिळणे आणि पैसा मिळणे या दोन गोष्टी आहेत, हे येथेही दिसून आले. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याला पोटासाठी गाणे भाग पडले. हे कारण काही समीक्षकांना अवघडल्यासारखे वाटते. वास्तविक संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला कर्ज आणि कला यांच्या सहवासाचे नवल वाटू नये. ११ मे २००८ रोजी कॅनडातील फ्रेडरिक्टन या लहानशा गावातील सुमारे सातशे आसनांच्या नाट्यगृहात हा दौरा सुरू झाला. पुढील साडेपाच वर्षांत, मधला विराम धरून, पावणेचारशेपेक्षा अधिक मैफली झाल्या.

१९७० आणि २००८ :

कोहेनच्या दोन मैफली शेजारी ठेवून पाहिल्यास या लेखाचा मुद्दा स्पष्ट होण्यास मदत होते. पहिली ऑगस्ट १९७० मधील आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावरील महोत्सवातली. लाखोंचा जमाव, फुकट प्रवेशासाठी झालेली मोडतोड, मंचाजवळ लागलेली आग आणि आधी जिमी हेंड्रिक्सचे कानठळ्या बसविणारे वादन. या सर्वांनंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर पस्तीस वर्षांचा कोहेन मंचावर आला. तो सावकाश, जवळजवळ झोपेत असल्यासारखा बोलू लागला. लहानपणी वडील सर्कशीला नेत असत, तेथे एक माणूस सर्वांना काडी पेटवावयास सांगे, म्हणजे अंधारात कोण कोठे आहे ते दिसे, अशी आठवण सांगून त्याने जमावाला काड्या पेटविण्याची विनंती केली. मरी लर्नर यांनी केलेल्या चित्रीकरणात हा प्रसंग पाहावयास मिळतो. ते चित्रीकरण २००९ साली प्रसिद्ध झाले. येथे गायकच प्रेक्षकांना पाहू इच्छितो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी मैफल १७ जुलै २००८ ची, लंडनच्या ओटू या सुमारे वीस हजार आसनांच्या बंदिस्त क्रीडागारातली. 'लाइव्ह इन लंडन' या नावाने ती २००९ मध्ये ध्वनिमुद्रिका व चित्रमुद्रिका अशा दोन्ही रूपांत प्रसिद्ध झाली. भारतात कोहेनची जाहीर मैफल न झाल्याने येथील बहुतेकांना ती याच रूपात भेटली आहे. मंचावर गालिचे अंथरलेले आहेत. गडद सूट आणि फेडोरा हॅट घातलेला कृश वृद्ध जवळजवळ धावतच मंचावर येतो. गाता गाता तो गुडघे टेकतो. साथीदाराचे एकल वादन सुरू झाले की हॅट काढून छातीशी धरतो आणि मान लववून ऐकतो. प्रत्येक साथीदाराची ओळख तो एकदा नव्हे, दोनदा करून देतो, आणि तीही नाव उच्चारून मोकळे होण्यासाठी केलेली नसते; प्रत्येकासाठी जुळविलेले एकेक विशेषण तिच्यात असते. स्पेनचा हाविएर मास 'हू बाय फायर'च्या आधी आपल्या तंतुवाद्यावर दीर्घ आलापीसारखे काही वाजवतो, तेव्हा हजारोंच्या त्या सभागृहात सर्वांत एकाग्र श्रोता स्वतः गायकच असतो. मुळात ते गीत यहुदी नववर्षाच्या आणि प्रायश्चित्तदिनाच्या प्रार्थनेवरून बेतलेले आहे. येत्या वर्षात कोण जगेल व कोण कशाने मरेल, याची यादी त्या प्रार्थनेत येते. १९७४ साली चाळिशीच्या गायकाने ते गायले, तेव्हा तो एक कल्पक उपयोग होता. त्र्याहत्तराव्या वर्षी तेच शब्द यादीत आपलेही नाव असलेल्या माणसाच्या तोंडून येतात. शब्द तेच, चालही बव्हंशी तीच, परंतु वक्ता बदलल्याने अर्थ बदलतो. कवितेच्या अभ्यासकाला हा वक्त्याचा प्रश्न परिचित आहे. पॉप संगीतात मात्र तो वयामुळे अशा दृश्य रीतीने समोर येतो.

'आयम युअर मॅन' हे १९८८ चे गीत याच कसोटीवर पाहता येईल. प्रेयसीला हवे ते रूप घ्यावयास तयार असलेल्या पुरुषाचे हे आर्जव आहे. पन्नाशीच्या गायकाच्या तोंडी त्यात आत्मविश्वासाचा दर्प होता. सत्तरी ओलांडलेल्या गायकाने ते म्हटल्यावर सभागृहात हशा व आरोळ्या उठतात, आणि तो हशा कुचेष्टेचा नसतो. प्रणयी नायकाची भूमिका आपल्याला शोभत नाही हे गायकाला ठाऊक आहे, त्याला ते ठाऊक आहे हे प्रेक्षकांना ठाऊक आहे, आणि तरीही आर्जव खरे आहे. ही तिहेरी जाणीव मूळ ध्वनिमुद्रिकेत नाही. ती वयाने मिळविलेली आहे.

उत्स्फूर्ततेचा प्रश्न :

येथवर वाचणाऱ्यास वाटेल की, या मैफलींचे मोल त्यांच्या उत्स्फूर्ततेत असावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रत्येक रात्र बव्हंशी आदल्या रात्रीसारखीच असे. गाण्यांचा क्रम, गुडघे टेकण्याच्या जागा, विनोद, एवढेच काय निघून जाताना घेतलेल्या लहानशा उड्यासुद्धा ठरलेल्या असत. लंडनच्या मैफलीत तो सांगतो की, येथे मागे गायलो तेव्हा मी साठीचा, वेडी स्वप्ने पाहणारा एक पोरगा होतो. त्यानंतर खिन्नतेवरच्या औषधांची नावे तो ओळीने घेतो. धर्म आणि तत्त्वज्ञाने यांचाही खोल अभ्यास केला, परंतु प्रसन्नता मध्येच उफाळून येत राहिली, असा समारोप करतो. हा समारोप इतर गावांतही ऐकावयास मिळाला. शिवाय तो मूळचा त्याचा नाही. बॉस्वेलने लिहिलेल्या सॅम्युअल जॉन्सनच्या चरित्रात जॉन्सनचा जुना महाविद्यालयीन परिचित ऑलिव्हर एडवर्ड्स १७७८ साली अशाच आशयाचे उद्गार काढतो. दोनशे तीस वर्षांपूर्वीचा पुस्तकी विनोद वीस हजार लोकांपुढे क्षणाची स्फूर्ती म्हणून सांगितला जातो आणि प्रत्येकाला तो आपल्यासाठीच सांगितला असे वाटते.

फिलिप ऑस्लँडर या अभ्यासकाने १९९९ साली 'लाइव्हनेस' या ग्रंथात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. प्रत्यक्ष प्रयोग आणि मुद्रित प्रयोग यांत आधी प्रत्यक्ष व मग मुद्रित असा क्रम लावणे त्यांना मान्य नाही. ध्वनिमुद्रणाचे तंत्र आल्यानंतरच 'प्रत्यक्ष' ही कल्पना अर्थपूर्ण झाली, आणि आजचा प्रत्यक्ष प्रयोग मुद्रिताचेच अनुकरण करू पाहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ओटूच्या शेवटच्या रांगेतील प्रेक्षक पडद्यावरच कोहेन पाहत होता, यात शंका नाही. वॉल्टर बेंजामिन यांना अभिप्रेत असलेले अद्वितीय कलाकृतीचे तेजोवलय अशा ठिकाणी शोधणे भाबडेपणाचे ठरेल. मराठी रंगभूमीवरच्या 'वन्समोअर'शी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. संगीत नाटकात वन्समोअर प्रेक्षकांनी मागितलेला असे. तो नाटकाचा ओघ थांबवी, कधी नाटककाराला रुचतही नसे. कोहेनच्या मैफलीतील अखेरची पुन्हापुन्हा परत येण्याची गंमत पूर्वनियोजित होती. निरोप घेऊन गेलेला गायक परत येतो आणि 'आय ट्राइड टू लीव्ह यू' हे सोडून जाऊ न शकणाऱ्या माणसाचे १९७४ चे गीत गातो. याच भागात 'क्लोजिंग टाइम'ही येते. गीतांच्या शीर्षकांतूनच विनोद साधलेला असल्याने प्रेक्षकांनी काय मागावे हेदेखील आधीच ठरून गेलेले असते.

असे असूनही ऑस्लँडर यांची मांडणी येथे पुरी पडत नाही, आणि त्याचे कारण शरीर हे आहे. १८ सप्टेंबर २००९ रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे 'बर्ड ऑन द वायर' गाताना कोहेन मंचावरच कोसळला. मैफल तेथेच थांबली. तीन दिवसांनी, २१ सप्टेंबरला, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी तो बार्सिलोनात पुन्हा गायला, आणि २४ तारखेला तेल अवीवजवळील रामत गान क्रीडागारात सुमारे पन्नास हजार लोकांपुढे. लंडनच्या चित्रमुद्रिकेतील कोहेन गुडघे टेकतो आणि उठतो. तो प्रत्येक वेळी उठणारच आहे. बार्सिलोनाच्या प्रेक्षकाला ही खात्री नव्हती. पस्तिशीतल्या गायकाने गुडघे टेकले तर ती निव्वळ अभिनयाची रीत असते. पंचाहत्तरीतल्या गायकाने तेच केले की, सभागृहातील प्रत्येक जण नकळत त्याच्या उठण्याची वाट पाहतो. ठरलेल्या मैफलीत न ठरलेले असे हे एकच असते, आणि प्रत्यक्ष मैफलीचे प्रत्यक्षपण त्यात साठलेले असते. ते नावीन्यातून आलेले नाही. पुनरावृत्ती उद्या होईलच असे नाही, या जाणिवेतून ते येते. पुनरावृत्ती जितकी काटेकोर, तितकी ही जाणीव तीव्र होते, हे या मैफलींचे वैशिष्ट्य मानावे लागेल. नित्यपूजेत रोज तेच मंत्र व तीच फुले असतात. तेथे कोणी नावीन्याची अपेक्षा करीत नाही, चुकण्याची धास्ती मात्र असते. कोहेनची मैफल नाट्यापेक्षा या नित्यकर्माच्या अधिक जवळ जाते.

उत्तरकालीन शैली आणि आतिथ्य :

कलावंताच्या अखेरच्या काळातील निर्मितीचा विचार करताना एडवर्ड सैद यांच्या 'ऑन लेट स्टाइल' (२००६) या मरणोत्तर ग्रंथाचा आधार घेण्याची प्रथा पडली आहे. आडोर्नोने बीथोव्हेनच्या उत्तरकालीन रचनांविषयी मांडलेला विचार सैद पुढे नेतात. उत्तरकालीन शैली म्हणजे परिपक्वता व समेट, ही रूढ कल्पना त्यांना पुरेशी वाटत नाही. हट्ट, विसंगती, न मिटलेला विरोध आणि स्वतःच्या काळाशी फारकत ही लक्षणे त्यांना महत्त्वाची वाटतात. कोहेनच्या समकालीनांपैकी बॉब डिलन या वर्णनात नेमका बसतो. जून १९८८ पासून वर्षानुवर्षे चाललेल्या त्याच्या मैफलींत जुनी गाणी ओळखू न येण्याइतकी बदलतात. तो प्रेक्षकांशी क्वचितच बोलतो. आठवणी चाळवण्यासाठी आलेल्यास तो काहीही देत नाही. या नकारात एक कलात्मक प्रामाणिकपणा आहे व त्याचे कौतुक योग्यच आहे.

कोहेनचा मार्ग वेगळा आहे. तो देतो. प्रेक्षकांना हवी असलेली गाणी, ओळखू येतील अशा चालीत, प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा स्पष्टतेने, मध्यंतर धरून तीन तासांच्या आसपास. इतक्या दुरून आल्याबद्दल, वरच्या सज्ज्यात बसल्याबद्दल तो आभार मानतो. सैद यांच्या निकषावर हे सारे समेटात, कदाचित लाडिकपणातही जमा होईल. परंतु वृद्धत्वाचे दुसरेही एक कलात्मक रूप असू शकते आणि त्यास आतिथ्य म्हणता येईल. यजमान स्वतःच्या थकव्याचे प्रदर्शन करीत नाही. तो पाट मांडतो, विचारपूस करतो, वाढतो. आपण बोलावलेल्या माणसांचा वेळ आता आपल्या वेळेइतकाच मोलाचा आहे, हे त्याला समजलेले असते. 'इफ इट बी युअर विल' या गीताच्या सादरीकरणात हे आतिथ्य टोकाला जाते. ईश्वराची इच्छा असेल तर मी मौन पत्करीन, अशा आशयाची ही प्रार्थना. कोहेन तिचे आरंभीचे शब्द केवळ उच्चारतो आणि मग खरोखरच गप्प राहतो. पुढचे गाणे हार्प व गिटारच्या साथीने वेब भगिनी गातात. गीताने मागितलेले मौन गायक मंचावरच पाळून दाखवितो. मुंबईतील सकाळच्या बैठकीत ऐकलेल्या अकर्तेपणाची आठवण येथे होते. हे गीत मात्र १९८४ चे आहे, मुंबईच्या पंधरा वर्षे आधीचे. विचार आधी गीतात आला होता. देहात उतरावयास त्याला वेळ लागला, इतके म्हणता येईल.

मराठी वाचकाला या ठिकाणी बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वार्धक्य आल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि चाहत्यांनी त्या पाहिल्या. परंतु तेथील करार वेगळा होता. समोरच्या वृद्ध देहावर स्मरणातील भामिनी वा सिंधू चढवून पाहण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागे. रंगभूमीच्या मायेची ती अटच होती. म्हणून त्या प्रयोगांच्या आठवणींत भक्ती व करुणा यांचे मिश्रण आढळते. कोहेनच्या मैफलीत असे काही चढवून पाहावे लागत नाही. १९६७ चा तरुण आठवावा अशी त्याची अपेक्षा नाही. खर्जात उतरलेला, श्वासाच्या आधाराने कसाबसा पुढे सरकणारा, बोलणे व गाणे यांच्या सीमेवरचा तो आवाज आहे तसा ऐकवला जातो. वरची सुरावट स्त्रीस्वरांकडे सोपवलेली असते. 'टॉवर ऑफ साँग'मध्ये वृद्धत्वाची आणि आवाजाच्या देणगीची थट्टा मूळ शब्दांतच आहे. तेथे कोहेन लहानशा कळफलकावर जेमतेम काही स्वर वाजवतो, लोक प्रचंड टाळ्या देतात, आणि तो त्या टाळ्यांकडे शंकेच्या नजरेने पाहतो. आरंभी उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे टाळ्या कशासाठी, मंचावरूनच विचारला जातो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना सत्तरी-ऐंशीच्या घरात ऐकले, तेव्हा त्यांनाही गतकाळची भरपाई करावी लागली नव्हती. अर्थात मन्सूरांकडे रागाचा अथांग आधार होता. पॉप गायकाकडे तीन-चार मिनिटांचे गाणे आणि स्वतःचे व्यक्तिमत्त्व एवढेच भांडवल असते. म्हणूनच त्याची कसोटी अधिक कठीण, असेही म्हणता येईल.

मर्यादा :

या मैफलींविषयी जे लिहिले गेले, त्यात भक्तिभाव फार आहे. तो बाजूला ठेवल्यास काही उणिवा स्पष्ट दिसतात. आतिथ्याची किंमत काही गीतांना मोजावी लागली आहे. १९९२ चे 'द फ्यूचर' हे गीत येऊ घातलेल्या विध्वंसाचे क्रूर भाकीत आहे. ते ऐकताना अंगावर काटा यावा. मंचावर मात्र त्यातील एका उल्लेखाबरोबर वेब भगिनी एका लयीत कोलांटी घेतात आणि लोक हसतात. भाकिताची जागा खेळ घेतो. 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन'मधील धमकीही अशीच बोथट झाली आहे: साथसंगत इतकी गुळगुळीत आहे की, हा माणूस काही उलथून टाकावयास निघाला आहे, यावर विश्वास बसत नाही. सुषिर वाद्यांचा वापर अनेक ठिकाणी हॉटेलातील संध्याकाळच्या वादनाकडे झुकतो. याउलट 'अ थाउजंड किसेस डीप' साथीचे वजन जवळजवळ उतरवून केवळ कविता म्हणून म्हटले जाते, आणि तेथे उभा राहतो तो कवी. असे क्षण मैफलीत अधिक असावयास हवे होते. जमावाला संतुष्ट ठेवण्याच्या गरजेने ते कमी झाले, हे नाकारता येणार नाही. वृद्ध कलावंताबद्दलचा आदर समीक्षेला मुकी करीत असेल, तर तो आदर त्या कलावंताच्या उपयोगाचा नाही. तो त्याला जिवंतपणीच स्मारक करून टाकतो.

'हालेलुया' या गीताचा उल्लेखही येथे करावा लागेल. १९८४ मध्ये कोलंबिया कंपनीने ज्या ध्वनिमुद्रिकेचे अमेरिकेतील प्रकाशन नाकारले, त्यातील हे गीत जॉन केल (१९९१) आणि जेफ बकली (१९९४) यांच्या कंठातून जगभर गेले. डिसेंबर २००८ मध्ये तर ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर याच गीताच्या दोन आवृत्त्या होत्या, आणि दोन्ही इतरांच्या. मूळ गायकाची आवृत्ती खूप खाली होती. त्या वर्षी मैफलीत ते गाताना कोहेनपुढे अडचण होती की, प्रेक्षकांच्या कानात दुसऱ्यांचे, तरुण आणि सुरेल आवाज बसलेले होते. त्यांच्याशी तो स्पर्धा करीत नाही. गीत तो डोळे मिटून, मूठ आवळून, जवळजवळ परतफेड मागितल्यासारखे गातो. साऱ्या मैफलीत सौजन्य सुटण्याची ही एकमेव जागा असावी, आणि ती सर्वांत प्रभावी जागांपैकी एक आहे.

अखेरचा दौरा २१ डिसेंबर २०१३ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे संपला. ती कोहेनची शेवटची मैफल ठरली; त्या रात्री प्रेक्षकांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या वर्षीच्या मैफली तो अनेकदा 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' या १९६० च्या, द ड्रिफ्टर्स या गायकवृंदाने लोकप्रिय केलेल्या जुन्या गीताने संपवीत असे; म्हणजे निरोपासाठी त्याने स्वतःचे गीत राखून ठेवले नव्हते. पुढे पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने त्याला उभे राहणे अशक्य झाले. 'यू वॉन्ट इट डार्कर' ही ध्वनिमुद्रिका त्याने लॉस एंजेलिसमधील घरीच, वैद्यकीय खुर्चीत बसून, मुलगा ॲडम याच्या मदतीने पूर्ण केली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि ७ नोव्हेंबरला त्याचे निधन झाले. तिच्यातील आवाज ऑकलंडच्या मैफलीतल्या आवाजाहून आणखी खाली उतरलेला आहे.